परसदार : आधी पान वाचा, मग औषध आणा



हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पाऊस ओसरत आला असेल. कोकणात भात पिवळे पडू लागले असेल आणि थोड्याच दिवसांत परसातल्या हापूसच्या कलमांना तांबूस, कोवळी पालवी फुटेल. काही घरांत ही पालवी पाहून आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटते. कारण दरवर्षीचा अनुभव असा, की पालवी फुटते, पंधरा दिवसांत तिच्यावर काळे डाग पडतात, पाने वाकडी होतात आणि गळतात. पुढे मोहोर येतो, तोही काळवंडून झडतो. मग कोणीतरी सांगते, ‘‘झाडाला रोग लागलाय, काहीतरी फवारा.’’ काय फवारायचे, हे मात्र झाड न पाहिलेला माणूस ठरवतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्या धाकट्या नणंदेचा राजापूरकडून फोन आला. सलाम-दुवा झाली आणि ती एकदम म्हणाली, ‘‘भाभी, अब्बांचं कलम तोडायचं ठरलंय. भाईजाननी लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलावलंय.’’

अब्बा म्हणजे माझे सासरे. नणंद जन्मली त्या वर्षी त्यांनी घरामागे हापूसचे हे कलम लावले होते. पुढे अब्बांच्या पश्चात वाटण्या झाल्या, तेव्हा घरामागचा तो तुकडा मुलीचा हिस्सा म्हणून तिच्या नावावर झाला. ती विधवा आहे. शिवणकामावर घर चालते आणि मे महिन्यात या एका कलमाच्या पंधरा-वीस पेट्या विकून मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते. दोन वर्षे झाली, कलमाला धड दोन पेट्याही आंबा लागला नव्हता. औषधांवर मात्र पैसे गेले होते. तिच्या भाईजानचा हिशेब सरळ होता : झाड मेलेलेच आहे, निदान लाकडाचे तरी पैसे पदरात पडू देत.

मी म्हटले, ‘‘व्यापाऱ्याला आठ दिवस थांबव. शिवाय आंबा तोडायला परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे, हेही भाईजानना सांग. मी येते.’’

एक भिंग आणि वहीचे कोरे कागद पिशवीत टाकून मी एसटीत बसले.

एकाच झाडावर चार गोष्टी

पोहोचले तेव्हा असर होऊन गेली होती. उन्हे तिरपी होती. पाने पाहायला ही वेळ चांगली. भर दुपारी पान चमकते, डाग नीट दिसत नाहीत. पडवीत जिन्याखाली औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या. मी आधी त्यांच्यावरची चिठ्ठी वाचली. तिन्ही किडींची औषधे निघाली. दोन वर्षे ‘पानावर काळे पडते’ एवढेच दुकानात सांगितले गेले होते आणि समोरून प्रत्येक वेळी किडीचे औषध आले होते. भाच्याने ते तोंडाला काही न बांधता वाऱ्यात फवारले, दोन दिवस त्याचे डोळे चुरचुरत होते. आणि पानावरचा मुख्य रोग होता बुरशीचा. त्या औषधाला बुरशी काय जुमानणार?

यात एकट्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पोट दुखते एवढेच सांगितले, तर हकीमसुद्धा अंदाजानेच पुडी बांधणार. झाडाचे दुखणे झाडापाशी उभे राहूनच ओळखावे लागते.

आम्ही दोघींनी झाडाच्या चारही बाजूंची, वरची आणि खालची मिळून पन्नासेक पाने काढली आणि पडवीत चटईवर पसरली. नणंद म्हणाली, ‘‘सगळी काळीच तर आहेत.’’ मी म्हटले, ‘‘थांब, एकेक पान हातात घेऊ.’’ तासाभरात चटईवर पानांचे चार ढीग झाले.

पहिला ढीग काजळीचा. पानाच्या वरच्या बाजूला चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा काळा थर होता. ओल्या फडक्याने पुसला तर निघाला आणि खालचे पान हिरवेगार. ही बुरशीच असते, पण ती पान खात नाही. तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण पानांवर गोड, चिकट पाणी टाकतात, त्या गोडव्यावर ही वाढते. पानावर पडदा बसल्यासारखे होते, ऊन कमी मिळते, झाड हळूहळू थकते. इथे उपाय बुरशीवर करायचा नसतो, ते चिकट पाणी टाकणाऱ्या किडीवर करायचा असतो.

दुसरा ढीग तांबड्या ठिपक्यांचा. जून पानांवर मखमलीसारखे, थोडे उठावदार, विटकरी रंगाचे गोल ठिपके. बोट फिरवले तर खरखरीत लागतात. यांना सगळे तांबेरा म्हणतात आणि बुरशी समजतात. प्रत्यक्षात हे एक परजीवी शेवाळ आहे. झाड दाट, सावलीत आणि ओलसर असले, खतपाण्याला हटलेले असले, की ते वाढते. झाड मरत नाही, पण ‘माझ्याकडे हवा येत नाही’ एवढे ते सांगून जाते.

तिसऱ्या ढिगातल्या पानांची फक्त टोके आणि कडा जळल्यासारख्या होत्या. ती बहुतेक खाडीच्या बाजूच्या फांद्यांवरची. खारा वारा, जमिनीतले क्षार किंवा पालाशाची कमतरता यांनी असे होते. तो रोगच नव्हे, तेव्हा त्यावर कोणतेही बुरशीनाशक चालणार नाही.

चौथा ढीग सर्वांत मोठा आणि खरा काळजीचा. बहुतेक कोवळी पाने. त्यांवर तपकिरी-काळे, वेडेवाकडे डाग, काही एकमेकांत मिसळलेले. जुन्या डागांचा मधला भाग वाळून गळून पडला होता, म्हणून पान भोके पडल्यासारखे दिसत होते. फडक्याने पुसून काही निघेना. सोबत कोवळ्या काड्यांचे शेंडेही काळे पडून वाळलेले. हा करपा. शास्त्रात या बुरशीला कोलेटोट्रायकम म्हणतात. हीच बुरशी मोहोरावर काळे ठिपके पाडून तो झडवते. हीच कैरीच्या सालीत गुपचूप शिरून बसते आणि आंबा पिकला की त्यावर काळे डाग बनून बाहेर येते. पेटी भरताना आंबा स्वच्छ असतो आणि चार दिवसांनी डागाळतो, तो पुष्कळदा हिच्यामुळे.

काही पानांवर मसुराएवढ्या गाठीही होत्या. त्या मिजमाशीच्या. आत तिची अळी वाढते. पण त्या थोड्या होत्या, म्हणून त्यांचा वेगळा ढीग केला नाही.

आणि खोडावर हिरवट-राखाडी पापुद्रे होते. नणंदेला वाटायचे, महारोग तोच. मी म्हटले, ‘‘अगं, बिर्याणीच्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्याच जातकुळीतलं आहे हे. सालीवर राहतं, झाडाला खात नाही.’’ त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा हसली.

घरच्या घरी करायची पारख

करप्याची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. जेवणासाठी पुन्हा वापरायचा नाही असा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला ओला कापूस ठेवा, त्यावर दोन काड्या आडव्या ठेवा आणि काड्यांवर डागाळलेले पान. झाकण लावून डबा सावलीत ठेवा. दोन-चार दिवसांनी भिंगातून पाहा. डागांवर गुलाबी-नारिंगी रंगाचे बारीक, ओलसर ठिपके दिसले, तर तो बहुधा करपाच. ते ठिपके म्हणजे बुरशीच्या बीजाणूंचे पुंजके. हिरवा किंवा राखाडी केसाळ बुरा आला, तर तो साध्या सडण्याचा, त्यावरून काही ठरवू नका. आमच्या डब्यात तिसऱ्या दिवशी नारिंगी ठिपके दिसले. भाईजाननीही भिंग डोळ्याला लावून पाहिले. काही बोलले नाहीत, पण व्यापाऱ्याला त्यांनी त्या आठवड्यात येऊ नको म्हणून कळवले.

कोणत्याही झाडाचे पान हाती घेतले, की स्वतःला हे पाच प्रश्न विचारा :

१. डाग कोवळ्या पानांवर आहे की जून पानांवर?

२. ओल्या फडक्याने तो पुसला जातो का?

३. डाग सपाट आहे, खोलगट आहे की उठावदार? रंग काळा, विटकरी की पांढरा?

४. डाग कुठेही विखुरलेले आहेत, की सगळ्या पानांची फक्त टोके आणि कडाच जळल्या आहेत?

५. झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त आहे? आतल्या, सावलीतल्या फांद्यांवर, की समुद्राच्या बाजूला?

एवढी उत्तरे मिळाली, की अर्धे निदान झाले. तरीही शंका राहिली तर आठ-दहा पाने वर्तमानपत्रात गुंडाळून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, पाने वाटेतच सडतात आणि मूळ डाग ओळखू येत नाही.

करपा येतो कुठून?

करप्याचे बीजाणू वाऱ्याने दूरवर उडत नाहीत. त्यांना पाणी लागते. पावसाचा थेंब किंवा दवाचे ओघळ त्यांना एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात. पान बराच वेळ ओले राहिले की ते रुजतात आणि कोवळ्या पानाच्या आत शिरतात. पान जून होऊन गडद हिरवे झाले, की त्यांना आत शिरणे अवघड जाते. म्हणून परतीचा पाऊस आणि नवी पालवी यांची गाठ पडली, की करप्याची चंगळ होते.

पाऊस संपल्यावर ही बुरशी जाते कुठे? ती झाडावरच राहते. वाळलेल्या काड्या, गेल्या वर्षीच्या मोहोराचे सुकलेले दांडे, झाडावर लटकून काळ्या पडलेल्या कैऱ्या, डागाळलेली पाने, खाली पडलेला पातेरा, हे सगळे तिचे घर. तेव्हा निम्मे काम कोयती आणि झाडू यांनीच होते, आणि ते फुकट असते.

आमच्या कलमावर काय काय होते, ते सांगते. तीन ठिकाणी बांडगूळ. मधल्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की आत ऊन पोहोचत नव्हते. खोडाभोवती दोन वर्षांचा पातेरा साचलेला. आणि न्हाणीघराचे पाणी थेट आळ्यात सोडलेले, त्यामुळे तिथे बारमाही ओल.

पहिल्या आठवड्यात आम्ही एकही औषध आणले नाही. एक गडी घेऊन वाळलेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत मागे घेऊन छाटल्या. बांडगूळ नुसते ओरबाडून चालत नाही, ते फांदीच्या आत मुळे धरून असते. म्हणून शक्य तिथे त्याच्या खालून, हातभर मागे, फांदीच कापली. सगळा पातेरा गोळा करून झाडापासून लांब नेऊन जाळला. न्हाणीघराचे पाणी केळीकडे वळवले. मधली एक जाड फांदी काढायची होती, पण ती मेअखेरीपर्यंत ठेवली. मोठी छाटणी फळे उतरल्यावर आणि पावसाआधी केलेली बरी.

मोरचूद, चुना आणि एक जुनी गोष्ट

त्यानंतर नवी पालवी फुटताच बोर्डो मिश्रणाची फवारणी केली. कोकणातल्या सुपारीवाल्यांना हे नवे नाही. कोळे रोगासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरतात. घरी करायचे १ टक्क्याचे माप असे :

१०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, मिळून १० लिटर पाण्यासाठी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवा. बारीक कुटून फडक्यात बांधून पाण्यात लोंबता ठेवला तर लवकर विरघळतो. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात फोडा, थंड झाला की ५ लिटर करा आणि गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. सुंदर आकाशी रंग येतो. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नका.

आता परीक्षा. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे टोक मिश्रणात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद जास्त आहे आणि पाने जळतील. थोडी चुन्याची निवळी आणखी घाला आणि पुन्हा पाहा. खिळा जसाच्या तसा निघाला की मिश्रण बरोबर. ते त्याच दिवशी वापरायचे, उरले तर दुसऱ्या दिवशी उपयोगाचे नाही. मोठ्या कलमाला अशा दोन-तीन बादल्या लागू शकतात.

कापलेल्या जागांना याचाच मलम लावतात : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, पण पाणी फक्त १ लिटर. जुन्या ब्रशने जखमेवर फासा.

या औषधाचा शोध मोठ्या गमतीने लागला. १८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या मेदोक भागात द्राक्षबागा केवडा रोगाने उजाड होत होत्या. हा रोग अमेरिकेतून तिथे पोहोचला होता. मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बागांतून हिंडत असताना त्यांच्या लक्षात आले, की आतल्या वेलींची पाने गळली आहेत, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळले, की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून मालक त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. निळे डाग पाहून लोक विष समजून हात लावत नाहीत. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. चोरांसाठी केलेला बंदोबस्त रोगाच्या उपयोगी पडला. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार आजही ते मिश्रण वापरतात. रस्त्याकडेची पाने आणि आतली पाने एका माणसाने नीट न्याहाळली नसती, तर हा शोध तेव्हा लागला नसता.

मोहोराचे दिवस आणि भुरी

बोर्डो हे पालवीचे, फांद्यांचे औषध. फुललेल्या मोहोरावर ते मारत नाहीत, नाजूक फुलांना तांबे सोसत नाही. मोहोराच्या दिवसांत आणखी एक बुरशी येते, ती भुरी. करपा काळा, भुरी पांढरी. मोहोराच्या दांड्यावर आणि कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखी दिसते आणि कण्या होण्याआधीच फुले गळतात. हिचे बीजाणू मात्र वाऱ्यावर उडतात आणि त्यांना पावसाची गरज नसते. रात्री गार, हवा दमट आणि आभाळ आले, की ती दोन-चार दिवसांत सगळा मोहोर व्यापते.

नणंदेला मी एवढेच काम दिले : मोहोर दिसू लागला की रोज सकाळी चार बाजूंचे चार मोहोर हाताने वाकवून पाहायचे. जानेवारीत एका ढगाळ सकाळी तिचा फोन आला, ‘‘भाभी, उत्तरेकडच्या एका मोहोरावर पीठ दिसतंय.’’ त्याच दिवशी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम या मापाने फवारले. गंधक सकाळी किंवा ऊन कलल्यावरच मारायचे, कडक उन्हात त्याने पाने-फुले जळतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना शक्यतो काहीच फवारू नये. त्या वेळी माश्या, मधमाश्या फुलांवर असतात. त्या मेल्या तर रोग जाईल, पण आंबाही लागणार नाही.

मोहोरावर करप्याचे काळे ठिपके दिसले तर कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक १० लिटरला १० ग्रॅम घेतात. पण एकच औषध पुन्हापुन्हा मारले तर बुरशी त्याला सरावते, हे ध्यानात ठेवा. मोहोराच्या वाढीप्रमाणे केव्हा काय फवारावे, याचे वेळापत्रक दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ देत असते. ज्यांची चार-सहा कलमे आहेत त्यांनी ते मिळवून भिंतीला लावावे. तुडतुड्यांचे औषधही त्यातूनच पाहावे.

काजळीसाठी एक घरगुती उपाय. १ किलो मैदा किंवा स्टार्च ५ लिटर पाण्यात शिजवून खळ करा, थंड झाल्यावर पाणी घालून २० लिटर करा, गाळा आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशी पानांवर फवारा. खळ वाळून पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर काजळीही निघते. पण तुडतुडे राहिले तर ती पुन्हा येणार, हे लक्षात असू द्या.

घरातल्यांची काळजी

परसातले झाड म्हणजे शेत नव्हे. तिथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात, विहीर असते. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळा. फवारणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, नाकातोंडाला फडके बांधावे, डोळ्यांना चष्मा लावावा. वाऱ्याकडे पाठ करावी. काम झाले की कपडे बदलून, आंघोळ करूनच घरात वावरावे. विहिरीवर फळ्या किंवा प्लास्टिक टाकावे. अंगणातली सुकत घातलेली मासळी, पापड, कपडे आधी उचलावेत.

आणि शेळ्या-मेंढ्या! आपल्याकडे ईदसाठी पाळलेला बोकड हटकून आंब्याखालीच बांधतात आणि छाटलेला पाला त्याच्यापुढे टाकतात. फवारलेला पाला चुकूनही घालू नका. मेंढ्यांना तर तांबे फारच बाधते. छाटणी फवारणीच्या आधी करा, म्हणजे प्रश्नच येत नाही. मोरचूद दिसायला खडीसाखरेच्या निळ्या खड्यांसारखा असतो, तो स्वयंपाकघरात ठेवू नका. बाटलीवरची चिठ्ठी कधी फाडू नका आणि त्यावर फळे उतरवण्याआधी किती दिवस थांबायचे लिहिले आहे, ते पाळा. तो आंबा आपलीच किंवा दुसऱ्या कोणाची तरी मुले खाणार आहेत.

मे महिना

पुढे काय झाले, ते विचाराल. चमत्कार झाला नाही. खाडीकडच्या बाजूला मोहोर कमीच आला. मार्चच्या उन्हात पुष्कळ कैरी गळली. पण अल्हम्दुलिल्लाह, मेमध्ये सात पेट्या आंबा उतरला. पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी, तरी दोन वर्षांतला सर्वांत जास्त. फी पूर्ण भरली गेली नाही, पण कर्ज कमी काढावे लागले.

घरी खायला ठेवलेल्या आंब्यांपैकी काही आम्ही ५२ अंशांच्या गरम पाण्यात १० मिनिटे बुडवून, गार करून, पुसून अढीत घातले. सालीत लपलेला करपा त्याने बराच आटोक्यात राहतो. मात्र हे काम तापमापक लावूनच करावे. पाणी अंदाजाने जास्त तापले तर आंबा शिजतो आणि नीट पिकत नाही. न बुडवलेल्या आंब्यांवर आठवड्यात काळे डाग आले, बुडवलेल्यांवर फार थोडे. नणंदेने दोन्ही आंबे ताटात शेजारी ठेवून भाईजानना दाखवले.

मेअखेर ती मधली जाड फांदी कापली आणि जखमेवर मलम लावला. आता झाडाखाली उभे राहिले की वर आभाळ दिसते. पावसाआधी शेणखत दिले.

मागच्या आठवड्यात पुन्हा राजापूरहून फोन आला. वाटले नणंदच असेल. पण आवाज भाईजानचा होता. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर थोडे चाचरत म्हणाले, ‘‘ते मोरचूद आणि चुन्याचं माप एकदा सांगून ठेवा. आणि तो खिळा किती वेळ बुडवायचा?’’

मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले. लाकडाच्या व्यापाऱ्याचे नाव कोणी काढले नाही.

तेव्हा बहिणींनो आणि भावांनो, या महिन्यात औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ झाडाखाली काढा. सोबत मुलांना घ्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. पाने चटईवर मांडा, ढीग करा, पुसून पाहा. वाळलेल्या काड्या काढा, पातेरा झाडा. त्यानंतरही औषध लागले, तर निदान कोणते लागणार ते तुम्हाला ठाऊक असेल.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, लिंबाच्या झाडाकडे वळू. पाने पिवळी का पडतात, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकींनी विचारला आहे. प्रश्न पाठवताना पान कोवळे की जून आणि झाडाच्या कोणत्या बाजूचे, हे जरूर लिहा.

खुदा हाफिज.